दुसरा आकडा

"नव्वद? नव्वद हजार? अबे, माह्या अर्ध्या बागेले काय पाय फुटले?"

मोहगावचा तो बागवाला असा ओरडत होता, की झाडावरचे पोपट उठून थेट बोरगावच्या हद्दीत जाऊन बसले असतील. त्याच्यासमोर माझा मोठा भाऊ शांत उभा होता आणि मी मोबाइलवर दोघांचा व्हिडिओ काढत होतो. हसत होतो. माझं हसू त्यात स्वच्छ ऐकू येतं. तो व्हिडिओ अजून माझ्याजवळ आहे. त्याच्यावर वेळ आहे, नऊ वाजून चार मिनिटं.

आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे संत्र्याची बाग झाडावरच विकली जाते. तोडणीच्या आधी, बागवाला आणि व्यापारी दोघांनाही मान्य असा एक माणूस बागेतून चालत जातो आणि किती फळ आहे ते नुसत्या नजरेनं सांगतो. त्याला आम्ही 'पाहणारा' म्हणतो. दादा पाहणारा होता. होता म्हणजे काय, त्याच्या आधी लोक नुसते बघत होते. तो झाडासमोर उभा राहिला की झाड पोट आत ओढून घ्यायचं. एकदा सावरगावच्या एका झाडावर त्यानं सहाशे बारा फळं सांगितली. तोडली तर सहाशे अकरा भरली. दादा म्हणाला, "झाडामागं जो उभा आहे त्याचा खिसा पाहा." खिसा माझा होता.

हे मी हजार वेळा सांगितलं आहे. ऐकणाऱ्यानुसार फळांचा आकडा कधी आठशे होतो, कधी बाराशे. पांढुर्ण्यात माझं पंपाच्या मोटारी वाइंड करायचं दुकान आहे, आणि मोटार सुटी करायला लागतं त्यापेक्षा जास्त वेळ मला गोष्ट सांगायला लागतो. गिऱ्हाईक त्याच्यासाठीच येतं, असं मी म्हणतो. वहिनी म्हणते, त्याच्यामुळंच जातं. रविवारी दुकान बंद असलं की मी दादाच्या मागं बागांमध्ये फिरायचो. तो पाहायचा, मी बोलायचो.

आता या कामाची एक रीत सांगतो, म्हणजे त्या सकाळी आम्ही काय करून बसलो ते कळेल. बाग पाहून निघाल्यावर पाहणारा आधी एक आकडा सांगतो. तो मुद्दाम कमी असतो आणि तो खरा नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यावर बागवाल्यानं ओरडायचं, व्यापाऱ्यानं मिशीत हसायचं. मग पाहणारा लांब एका झाडाखाली सगळ्यांकडे पाठ करून बसतो. तो आपणहून उठून येईपर्यंत, मागून चहा ठेवण्यापुरतं सोडलं तर, कोणी त्याच्याजवळ जायचं नाही, त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. गेलं तर कानात काही सांगितलं असा वहीम येतो. चहापाणी होतं, तो उठतो आणि दुसरा आकडा सांगतो. दुसरा आकडा खरा. त्यावर कोणी ब्र काढत नाही. पहिला कशाला लागतो असं मी दादाला विचारलं होतं. तो म्हणाला, "ओरडून घेतलं का माणसाच्या पोटात खरं ऐकायले जागा होते."

तर त्या दिवशी दादा म्हणाला नव्वद हजार. इतका कमी पहिला आकडा त्यानं कधी सांगितला नव्हता. बागवाला कळवळून ओरडला, व्यापारी म्हणाला, "भाऊसाहेब बोले ना, तो बस." मी व्हिडिओ काढला. मला वाटलं, दादा आज खेळून राहिला. काय डाव टाकला गड्यानं! दादा वळला, थोडा झोकांडला, मला वाटलं ढेकळावर पाय पडला, आणि लांबच्या झाडाखाली पाठ करून बसला.

एरवी वीस-पंचवीस मिनिटांत उठायचा. अर्धा तास झाला, उठेना. बागवाला चुळबुळ करायला लागला. मग मी माझं काम सुरू केलं. म्हटलं, "हे काहीच नाही. बोरगावच्या बागेत हा माणूस तीन दिवस असाच बसला होता. कानाला कोळ्यानं जाळं केलं. व्यापाऱ्याची दाढी छातीपर्यंत आली. तिसऱ्या दिवशी बागवाला पाय धरून म्हणाला, भाऊ, फुकट घ्या, पण बोला." बागवाला हसला. व्यापारी हसला. तोडणीच्या बाया फांद्यांआड तोंडाला पदर लावून हसल्या. माणसं हसायला लागली की मला थांबता येत नाही. मी दुसरी गोष्ट काढली, मग तिसरी. मध्ये कोणीतरी म्हणालं, "भाऊ लई वेळ बसले न आज," तर मीच हात वर करून थांबवलं, "जाऊ नका. रीत आहे."

दोन तास. मी बोलत होतो, आणि चाळीस पावलांवर माझा भाऊ पाठ करून बसला होता.

तोडणीतली एक म्हातारी बाई चहाचे कप गोळा करत गेली. तिला रीतभात काही नव्हती, तिला कप हवा होता. दादाच्या डाव्या हाताशी ठेवलेला चहा तसाच होता, वर मुंग्या. तिनं वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि किंचाळली.

"अवं माय! यायचं तोंड वाकडं झालं. लाळ गळून राहिली. अन् तुम्ही तिकडं दात काढून राहिले?"

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

पुढं सगळे एकदम शहाणे झाले. कोणी म्हणालं लकवा आहे, वारं लागलं, घोंगडी पांघरा. व्यापारी म्हणाला, त्याच्या ओळखीचा एक जण कबुतराचं रक्त चोळून माणूस उभा करतो. दोन तासांपूर्वी दादावर ओरडणारा बागवाला, त्यानं व्यापाऱ्याच्या छातीवर हात ठेवून त्याला बाजूला सारलं आणि म्हणाला, "पहिले गाडीत टाका." गाडी त्यानंच चालवली, सौंसरच्या दवाखान्यापर्यंत.

मागच्या सीटवर दादाचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तो शुद्धीत होता, बोलत होता, जरा जड. त्याचा डावा हात सीटवरून खाली लोंबत होता. मी तो उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. दादानं त्याच्याकडे पाहिलं, कोणाचं तरी सामान आपल्याजवळ राहिल्यासारखं.

"हा कोणाचा हात आहे बे?"

"तुहाच आहे, दादा."

"माहा नाही. कोणी इसरून गेलं इथं."

उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यानं माझ्यापेक्षा मोठी थाप मारली होती, आणि त्याला ती खरी वाटत होती.

सौंसरच्या डॉक्टरनं रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "कधी झालं?" मी म्हटलं, अकराला. त्यानं तसं चिठ्ठीवर लिहिलं आणि अँब्युलन्सनं नागपूरला पाठवलं. मी खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही. अकराला तर आम्हाला कळलं.

अँब्युलन्समधला माणूस चांगला होता. तो मला धीर द्यायला लागला. "डोक्यातल्या नसेत गाठ अडकते, पुढच्या भागाले रक्त भेटत नाही. गाठ विरघळवाचं इंजेक्शन असते. साडेचार तासांच्या आत द्यावं लागते. तुमचं अकराला झालं न? मंग लई टाइम आहे."

मी बोटांवर मोजलं. अकरापासून मोजलं तर साडेतीनपर्यंत वेळ होता. मग मी नऊपासून मोजलं. दीड.

आणि मग, सावनेर मागं पडताना, मला नव्वद हजार कळलं. मोहगावच्या त्या बागेत मधून एक वाट आहे. दादा विहिरीकडून शिरला होता आणि सरळ रस्त्याकडून निघाला होता. वाटेच्या उजवीकडे अर्धी झाडं, डावीकडे अर्धी. त्यानं उजवीकडची सगळी मोजली. डावीकडची त्याला नव्हतीच. नव्वद हा डाव नव्हता, पहिला आकडाही नव्हता. जेवढी बाग त्याला दिसली, तेवढी त्यानं खरीखुरी सांगितली होती. एवढी बाग सोडून हा माणूस पुढं चालत गेला आणि त्याला काही सुटल्यासारखं वाटलंसुद्धा नाही. आम्ही त्याला हसलो, कारण आमच्या रीतीत कमी आकड्याची जागा आधीच तयार होती.

मोटारीचं एक सांगतो. एक कॉइल जळाली तर मोटार बंद पडतेच असं नाही. गुणगुणते, तापते, हात लावला तर थरथरते. बाहेरून ऐकणारा म्हणतो, चालू आहे. मी तीस वर्षं लोकांना हे सांगत आलो.

नागपूरला पोचलो तेव्हा दीड वाजत आला होता. तिथली डॉक्टर माझ्या पुतणीच्या वयाची. चिठ्ठी पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. "अकरा? छान. वेळेत आणलंत, काका." दादाला स्कॅनला नेलं. तिनं दादाला हात वर करायला लावले, उजवा वर गेला, डावा जागचा हलला नाही. "दोन्ही वर केले का?" तिनं विचारलं. "केले न," दादा म्हणाला. ती त्याच्या डावीकडे जाऊन बोलली, तर तो उजवीकडे तिला शोधत बसला.

स्कॅनमध्ये रक्त सांडलेलं नव्हतं. म्हणजे गाठच. नर्सनं ट्रे आणला. पांढुर्ण्याहून वहिनी निघाली होती, वाटेत होती. सही मलाच करायची होती. डॉक्टरनं कागद पुढं केला आणि समजावून सांगायला लागली. इंजेक्शननं हातपाय सुधारायची चांगली आशा असते. पण वेळ टळून गेल्यावर दिलं, तर जो भाग आधीच मेला त्याच्यात रक्तस्राव होऊ शकतो, आणि मग माणूस हाताला लागत नाही. "म्हणून वेळ नक्की हवी. अकराच ना?"

भिंतीवरच्या घड्याळात एक पन्नास झाले होते.

मला आयुष्यात इतक्या लोकांनी इतकं काही विचारलं, आणि मी प्रत्येकाला हवं ते दिलं. हवं तर आठशे, हवं तर बाराशे. ही पोरगी मला फक्त एक आकडा मागत होती, आणि तिला कोणता हवा आहे ते मला दिसत होतं. मला पण तोच हवा होता. पेन माझ्या हातात होतं. अकरा म्हटलं की दादाचा हात दादाचा होणार होता. किंवा होणार नव्हता.

खिशातला मोबाइल मी काढला आणि तिच्यासमोर धरला. व्हिडिओ लावला. नर्स पण वाकली. बागवाला ओरडतो, मी हसतो, दादा उभा आहे. डॉक्टरनं तिथंच बोट ठेवून थांबवलं आणि दादाचा चेहरा मोठा केला. डावा गाल उतरलेला होता. इतका साफ दिसत होता, की मी हसत कशाला होतो हे मला आजही सांगता येत नाही.

"नऊ," मी म्हटलं.

"नऊच्याही आधी, काका," ती म्हणाली. "बागेत शिरताना ठीक होते, एवढंच धरता येईल."

मला वाटलं ती ओरडेल. मला ते चाललं असतं. तिनं कागद परत घेतला, आणि नर्सनं ट्रे उचलून नेला. तार घालून गाठ काढता येते का, हे तिनं मोठ्या डॉक्टरला फोन करून विचारलं. नस फार आतली, फार बारीक. जमणार नव्हतं. मग नुसत्या गोळ्या, सलाईन आणि वाट पाहणं. चारच्या सुमाराला वहिनी आली. तिनं विचारलं, "भाऊजी, काय म्हणते डॉक्टर?" मी म्हटलं, उशीर झाला म्हणते. कोणाचा, ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

दादा वाचला. पाय महिनाभरात जमिनीला टेकायला लागला, मग चार पायांची काठी आली. डावा हात मुठीत वळलेलाच राहिला. पण हातापायाचं दुःख लोकांना कळतं, भेटायला येणारे त्याच्यावरच बोलतात. दुसरं जे गेलं ते सांगायला मला अजून शब्द सापडत नाहीत, आणि मी काही शब्दांचा गरीब नाही. डोळ्याच्या डॉक्टरनं तपासलं, डोळे ठणठणीत. पण डोळ्यांनी आणून दिलेलं डोक्यानं घ्यावं लागतं, आणि दादाचं डोकं डावीकडचं काही घेतच नव्हतं. दुसऱ्या बाजूला अंधार आहे असंही त्याला वाटत नव्हतं. त्याला तिकडं बाजूच नव्हती. ताटातली उजवीकडची भाजी खायचा आणि म्हणायचा, "वरण केलंच नाही काय वं आज?" वहिनी ताट अर्धं फिरवायची. वरण यायचं. दाढी केली तर अर्धी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दोन गावं एकमेकांवर गोटे फेकतात तेव्हा, जामनदीत उभा राहून, पांढुर्ण्याचे आणि सावरगावचे असे दोन्ही काठांचे गोटे चुकवलेला हा माणूस, त्याच्या डावीकडे त्याची बायको येऊन उभी राहायची आणि तो घरभर तिला हाका मारायचा.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या पोरानं दाराच्या डाव्या चौकटीवर लाल पट्टी लावली. काही पाहायचं असेल तर लाल दिसेपर्यंत मान वळवायची, हा धडा. वहिनीनं तो धडा असा चालवला, की शाळामास्तर लाजले असते.

"लाल दिसलं काय?"

"दिसलं."

"खोटं नका बोलू. मान तर हालली नाही तुमची."

"तुह्या देरापाशी शिकलो."

मग तो व्यायामवाला पोरगा टेबलावर ओळीनं दहा संत्री ठेवून सगळी उचलायला सांगायचा. दादा पाच उचलायचा आणि हात झटकून म्हणायचा, झालं. मी ते एकदाच पाहिलं. नंतर त्या वेळेला मी दुकानात काम काढायचो. मी दुकानात गोष्टी सांगायचं बंद केलं होतं. गिऱ्हाइकांना वाटलं, माझीच तब्येत बिघडली.

या मोसमात मोहगावच्या बागवाल्याचा फोन आला. "भाऊले आणा. यंदाबी त्यायनंच पाहावं." मला माहीत होतं, त्यानं आधी दुसरा पाहणारा लावून आकडा काढून ठेवला होता. तरी त्यानं बोलावलं. वहिनी म्हणाली नका जाऊ. दादानं टोपी घातली.

विहिरीकडून शिरलो. पहिल्या झाडापाशी दादा थांबला, मान डावीकडे नेली, नेली, नेली, आणि वैतागला. झाडाला लाल पट्टी नव्हती. मग त्यानं काठी टेकत झाडाला फेरी घालायला सुरुवात केली. पूर्ण फेरी. झाडाची डावी बाजू हळूहळू उजवीकडे यायची आणि दिसायला लागायची. फेरी पुरी झाली की पुढचं झाड. मी प्लास्टिकची खुर्ची घेऊन मागं मागं. तीनशे झाडं. पूर्वी पाऊण तासाचं काम, त्याला दोन दिवस लागले. मी एक शब्द बोललो नाही. याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण बागवाला साक्षीदार आहे.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना तो बागवाल्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "एक लाख बहात्तर हजार."

बागवाल्यानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. ओरडावं का नाही, त्याला कळेना. "भाऊ, हा पहिला का दुसरा?"

"एकच आहे."

बागवाला चहा सांगायला निघून गेला. दादा झाडाखाली बसला, पण या वेळी आमच्याकडे तोंड करून, आणि मी रीत मोडून त्याच्याजवळ जाऊन बसलो. उजवीकडून. मोबाइल काढला. वर्षभर मनात ठेवलं होतं, ते दाखवल्याशिवाय सांगता येत नव्हतं. व्हिडिओ लावला.

दादानं पाहिलं. "हा एकटाच कोणावर ओरडून राहिला बे?"

चित्रात दादा डावीकडे उभा होता. मी मोबाइल त्याच्या उजव्या खांद्याकडे सरकवला, आणखी सरकवला. मग त्याला तो स्वतः दिसला. तो आपल्या उतरलेल्या गालाकडे बघत राहिला. मागून माझं हसू येत होतं.

मी सगळं सांगितलं. बोरगावची गोष्ट, दोन तास, जाऊ नका म्हणून वर केलेला हात. सौंसरच्या चिठ्ठीवरचे अकरा. तो ट्रे. म्हटलं, "दादा, तुह्या हाताचं इंजेक्शन समोर आणून ठेवलं होतं. अकराच म्हणालो असतो तर दिलं असतं त्यायनं. मी नऊ सांगितले."

दादानं मोबाइल माझ्या हातात दिला, उजव्या हातानं टोपी नीट केली.

"नऊच वाजले होते न," तो म्हणाला.